तिकिटावरची किंमत आणि बाहेरचा भाव

आपल्या आईवडिलांना 'ब्लॅक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नवा पिक्चर लागला की टॉकीजबाहेर 'दस का बीस, दस का बीस' असं पुटपुटत फिरणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत. खिडकीवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागलेली असायची आणि त्याच पाटीखाली कुणीतरी हातात तिकिटांची गड्डी घेऊन उभा असायचा. आपल्या पिढीने ती माणसं फारशी पाहिली नाहीत, त्यामुळे ब्लॅक संपलं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते फुटपाथवरून उठून मोबाईलमध्ये जाऊन बसलं आहे. आता ते पुटपुटत नाही, सरळ स्टेटस टाकतं: 'दोन पास आहेत. गरज असेल तर मेसेज करा. भाव फोनवर सांगेन.'

लिंबायतमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनवर नवरात्रीच्या आधी असा एक तरी मेसेज येतो. आयपीएल असो, एखाद्या मोठ्या गायकाचा कार्यक्रम असो, नाहीतर वातानुकूलित डोममधला गरबा असो, तिकिटाचा भाव एक आणि बाहेरचा भाव वेगळा. याला कायद्याने काही मर्यादा आहे का? मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. पण ऑनलाइन बुकिंगची यंत्रणा आतून कशी चालते याची थोडी माहिती आहे आणि कायद्याची पुस्तकं सगळ्यांसाठी खुली आहेत. त्या दोन्हींच्या आधारे हा विषय मांडतो.

बाटलीला एमआरपी, तिकिटाला काय?

आपण दुकानात पाण्याची बाटली घेतो तेव्हा तिच्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, म्हणजे एमआरपी. दुकानदाराने त्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला तरी आपण भांडू शकतो, कारण पाकीटबंद मालावर छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा वजनमाप कायद्याखाली गुन्हा आहे. लहान मुलालाही हे माहीत असतं. उन्हाळ्यात कितीही मागणी असली, दुकानात शेवटची एकच बाटली उरलेली असली, तरी तिचा भाव वाढत नाही.

कार्यक्रमाच्या तिकिटावरही किंमत छापलेली असते. पण तिकीट ही पाकीटबंद वस्तू नाही, त्यामुळे एमआरपीचा नियम त्याला लागू होत नाही. तिकीट पुन्हा विकताना जास्तीत जास्त किती पैसे घेता येतील, हे सांगणारा देशभर लागू असलेला कायदा आपल्याकडे नाही. दहा-वीस रुपयांच्या बाटलीला संरक्षण आहे, अडीच हजारांच्या तिकिटाला नाही.

एक कोटी माणसं एका रांगेत

हा प्रश्न देशभर चर्चेत आला तो कोल्डप्ले या ब्रिटिश बँडमुळे. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा वाजता बुकमायशोवर त्यांच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं खुली झाली. डी. वाय. पाटील स्टेडियमवर आधी दोन दिवस ठरले होते, मागणी पाहून तिसरा दिवस वाढवला. तिकिटं साधारण अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. एक कोटीहून अधिक लोक एकाच वेळी त्या ऑनलाइन रांगेत उभे राहिले. साइट काही काळ कोलमडली आणि बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही.

त्याच दिवशी परदेशातून चालणाऱ्या पुनर्विक्रीच्या साइटवर हीच तिकिटं कित्येक पटींनी दिसू लागली. काहींचे भाव लाखांत होते. आमचा या साइटशी काही संबंध नाही आणि तिथलं तिकीट खरं असेलच असं नाही, असं बुकमायशोने जाहीर केलं. मुंबईत एका वकिलाने तक्रार केली आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने म्हणजे ईडीने कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांवरून दिल्ली, मुंबई, जयपूर, चंदीगड आणि बेंगळुरू इथे छापे घातले. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरून तिकिटं, त्यातही बनावट तिकिटं, विकली जात असल्याचं ईडीने सांगितलं.

जानेवारी २०२५ मध्ये हाच बँड अहमदाबादला नरेंद्र मोदी स्टेडियमवर २५ आणि २६ तारखेला आला. पश्चिम रेल्वेने त्यासाठी विशेष गाड्याही सोडल्या. सुरत तर मुंबई आणि अहमदाबादच्या मधोमध आहे, त्यामुळे आपल्याकडच्या मुलामुलींनी दोन्हीकडे प्रयत्न केले. एव्हाना प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही पोहोचलं होतं. तिकिटांचा काळाबाजार थांबवण्यासाठी नियम करावेत अशी जनहित याचिका होती. जानेवारी २०२५ मध्येच न्यायालयाने ती फेटाळली. थोडक्यात सांगायचं तर न्यायालयाचं म्हणणं असं होतं की हा धोरणाचा विषय आहे. कायदा किंवा नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे.

बऱ्याच जणांना हा निकाल निराशाजनक वाटला. मला त्यात एक सरळ सूचना दिसते: दार इथे ठोठावू नका, पलीकडे ठोठावा. मग पलीकडचं दार कुठलं, ते पाहू.

कायद्यात आज काय आहे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ११२व्या कलमात 'किरकोळ संघटित गुन्हा' नावाचा एक नवा प्रकार आहे. गटाच्या किंवा टोळीच्या सदस्याने केलेली चोरी, हिसकावणं, फसवणूक, अनधिकृत सट्टा किंवा जुगार, परीक्षेचे पेपर विकणं हे त्यात येतं, आणि याच यादीत 'अनधिकृत तिकीटविक्री' हे शब्दही आहेत. शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि वर दंड.

म्हणजे कायदा अगदीच नाही असं नाही. पण या कलमात दोन अडचणी आहेत. एक, ते टोळीसाठी आहे. एकट्याने घरी बसून तिकिटं विकणाऱ्याला ते लागू करायचं का, हा वादाचा मुद्दा होईल. दोन, 'अनधिकृत' म्हणजे नेमकं काय, हे कलम सांगत नाही. आजारी पडलेल्या मित्राचं तिकीट मूळ किमतीत घेणं अनधिकृत की पन्नास तिकिटं दुप्पट भावाने विकणं अनधिकृत? किमतीचा तर कलमात उल्लेखच नाही. शिक्षा कडक आणि व्याख्या सैल असेल तर खरा धंदेवाईक सुटण्याची आणि भलताच कुणी अडकण्याची शक्यता वाढते.

आता संविधान उघडू. सातव्या अनुसूचीत केंद्राने कशावर कायदे करायचे आणि राज्यांनी कशावर, याच्या याद्या आहेत. राज्यसूचीतल्या ३३व्या नोंदीत नाट्यगृहं, नाटकं, खेळ, करमणूक आणि मनोरंजन हे विषय आहेत. म्हणजे क्रिकेट सामना, संगीताचा कार्यक्रम आणि तिकिटाचा गरबा यांच्याविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्याच्या विधानसभेला आहे. आपल्यासाठी ती गांधीनगरला आहे, आपल्या नातेवाइकांसाठी मुंबईला. दिल्लीकडे बघत बसण्याची गरज नाही. हेच ते पलीकडचं दार.

उधना स्टेशनवरून शिकण्यासारखं

तिकिटाच्या काळ्या बाजाराविरुद्धचा आपल्या ओळखीचा कायदा रेल्वेचा आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही नावं आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात रोजची आहेत. दिवाळीत आणि लग्नसराईत उधना स्टेशनवर काय गर्दी असते ते वेगळं सांगायला नको. कन्फर्म तिकिटासाठी एजंटला वरचे पैसे मोजलेली कुटुंबं आपल्या गल्लीगल्लीत आहेत.

रेल्वे कायदा १९८९ चा. त्याच्या १४२व्या कलमाप्रमाणे आपलं तिकीट दुसऱ्याला विकणं हा गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १४३वं कलम जास्त कडक आहे. अधिकार नसताना तिकिटं मिळवून देण्याचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमाचा भर 'धंदा' या शब्दावर आहे. घरातल्या माणसासाठी तिकीट काढणाऱ्याला ते हात लावत नाही.

हा कायदा झाला तेव्हा ऑनलाइन बुकिंग नव्हतं. त्यामुळे पुढे प्रश्न उभा राहिला की खिडकीवरच्या तिकिटासाठी केलेलं कलम ई-तिकिटाला लागू होतं का. केरळमधल्या एका प्रकरणात एका माणसाने शेकडो युजर आयडी काढून तिकिटं विकल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी सांगितलं की कलम १४३ ई-तिकिटालाही लागू होतं. साधन बदललं म्हणून गुन्हा बदलत नाही.

पण माझ्या मते खरा धडा कायद्याच्या पुढे आहे. १९८९ पासून कलम असूनही तत्काळ तिकिटांचा काळाबाजार थांबला नाही. रेल्वेने २०२५ मध्ये सांगितलं की तत्काळ बुकिंग उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात, त्यातले पन्नास टक्क्यांपर्यंत बॉटकडून होतात. बॉट म्हणजे माणसाऐवजी बटणं दाबणारा प्रोग्रॅम. तुम्ही प्रवाशाचं नाव टाइप करता तोवर त्याने फॉर्म भरून पैसेही भरलेले असतात. दहाच्या ठोक्याला दोघंही एकाच रांगेत असता, पण एक पायी आणि दुसरा गाडीवर.

मग रेल्वेने काय केलं? अडीच कोटींहून अधिक संशयित युजर आयडी बंद केले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची केली आणि नंतर ओटीपी आणला. अधिकृत एजंटांनाही तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात बुकिंग बंद केलं. त्याआधीपासून तिकिटावर नाव आणि प्रवासात ओळखपत्र हा नियम होताच. शिवाय एक बाजू मोकळीही ठेवली आहे. तिकीट रद्द केलं तर नियमाप्रमाणे पैसे परत मिळतात. आणि गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज केला तर आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांच्या नावावर कन्फर्म तिकीट बदलून घेता येतं.

कायदा, ओळख पटवणं आणि परतीची सोय अशी ही तीन चाकं आहेत. एकट्या कायद्याच्या चाकावर गाडी पस्तीस वर्षं अडखळत चालली. बाकीची चाकं लावल्यावरही ती सुसाट धावते असं कुणी म्हणणार नाही, पण दलालाचं काम अवघड नक्कीच झालं आहे.

बाहेरच्या देशांत काय झालं?

कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी हीच चाकं वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या क्रमाने लावली.

आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा केला. एक हजार किंवा त्याहून जास्त क्षमतेच्या ठिकाणी होणाऱ्या ठरावीक कार्यक्रमांचं तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकायचं नाही. उल्लंघन केलं तर एक लाख युरोपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समाजोपयोगी कामासाठी निधी गोळा करणाऱ्या संस्थांना सवलत आहे. ही तरतूद मला आवडली, कारण आपली मंडळंही मदतनिधीसाठी कार्यक्रम करत असतात.

जपानने जून २०१९ मध्ये कायदा लागू केला. तिथे ज्या तिकिटावर खरेदीदाराची ओळख नोंदलेली आहे अशा तिकिटाची धंदा म्हणून जास्त किमतीत विक्री केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड आहे. ओळख आणि किंमत त्यांनी एकाच कायद्यात बांधली.

ब्रिटनची गोष्ट लांबलचक आहे. फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांची परवानगीशिवाय विक्री तिथे १९९४ पासून गुन्हा आहे, कारण दोन संघांचे चाहते एकाच स्टँडमध्ये बसून मारामारी होण्याची भीती होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी वेगळा कायदा होता आणि दंड वीस हजार पौंडांपर्यंत होता. पण गाण्याच्या कार्यक्रमांचं तिकीट कितीही भावाने विकता येत होतं. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने तिकीट विकण्यावर बंदी आणू, पुनर्विक्री करणाऱ्या साइटच्या सेवाशुल्कावरही मर्यादा घालू आणि नियम मोडणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करू.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने उलटा अनुभव घेतला. २०१७ च्या कायद्यात त्यांनी मूळ किमतीवर जास्तीत जास्त पन्नास टक्के वाढीची मर्यादा ठेवली होती. पुढच्या वर्षी सरकार बदललं. नव्या सरकारने ती तरतूद अमलात आणणं शक्य नाही म्हणून आधी रोखली आणि मग काढून टाकली. लोक परदेशी साइटवरून विकतील, त्यांना पकडणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर कायद्यातच असायला हवं होतं: विकणारा माणूस सापडला नाही तर विक्रीला जागा देणारी साइट आणि पैसे पोहोचवणारी यंत्रणा यांना जबाबदार धरायचं.

'माझं तिकीट, माझा भाव'

हा विषय मित्रांमध्ये काढला की एक मुद्दा हमखास येतो. सुरत हे व्यापाऱ्यांचं शहर आहे. टेक्सटाईल मार्केटमध्ये माल स्वस्तात घेऊन महाग विकण्यावरच हजारो घरं चालतात, त्यात आपलीही आहेत. 'साडी घेऊन नफ्यात विकली तर धंदा आणि तिकीट विकलं तर गुन्हा, हे कसं?' असं मला विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, तो टाळून चालणार नाही.

माझं उत्तर असं. साडीचा व्यापारी माल एका गावाहून दुसऱ्या गावाला नेतो, उधारी देतो, न खपलेला माल अंगावर घेतो. मागणी वाढली तर कारखान्यातून आणखी साड्या येतात. तिकिटाच्या खुर्च्या ठरलेल्या असतात, एकही वाढत नाही. दलाल खुर्ची बनवत नाही, कार्यक्रम करत नाही, रांग लहान करत नाही. जो माणूस मूळ किमतीत तिकीट घेऊ शकला असता त्याच्या पुढे तो घुसतो आणि त्याच माणसाला ते विकतो. अडीच हजारांचं तिकीट दहा हजारांना गेलं तर वरचे साडेसात हजार गायकाला मिळत नाहीत, स्टेडियमला मिळत नाहीत, स्टेजवर वायर ओढणाऱ्या मुलालाही मिळत नाहीत. बिल नसल्याने सरकारलाही काही मिळत नाही.

दुसरा मुद्दा अर्थशास्त्राचा: मागणी एवढी आहे तर आयोजकानेच किंमत जास्त ठेवावी, काळाबाजार आपोआप बंद होईल. रेल्वेने २०१६ पासून राजधानी, दुरांतो, शताब्दीला मागणीप्रमाणे वाढतं भाडं लावलं, विमानाचं तर नेहमीच तसं असतं. पुनर्विक्रीची मर्यादा या प्रकाराला रोखू शकत नाही, हे मान्य. पण अनेक कलाकार मुद्दाम काही तिकिटं स्वस्त ठेवतात, कारण पुढच्या रांगेत फक्त पैसेवाले बसले तर कार्यक्रमात जीव राहत नाही. कलाकाराने स्वस्त ठेवलेली खुर्ची दलालाने महाग करायची, याला बाजार म्हणणं मला पटत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. तिकीट काढलं आणि घरी अडचण आली, परीक्षा आली, कुणी आजारी पडलं, तर पैसे बुडवायचे का? नाही. म्हणूनच नुसती बंदी चूक ठरेल. ज्याला खरोखर जाता येत नाही त्याला मूळ किंमत परत मिळाली पाहिजे. मर्यादा नफ्यावर असावी, माणसाच्या अडचणीवर नाही.

इंजिनिअर म्हणून चार ओळींचा कायदा

आपल्या राज्यात असा कायदा झाला तर त्यात काय असावं, हे मला सॉफ्टवेअरच्या भाषेत सुचतं.

पहिली गोष्ट, किमतीची मर्यादा स्पष्ट आकड्यात असावी. मूळ किंमत अधिक भरलेलं बुकिंग शुल्क, बस्स. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात दहा टक्के वाढीला परवानगी आहे, तेवढी ठेवली तरी चालेल. पण आकडा हवा, 'वाजवी' किंवा 'अनधिकृत' असे शब्द नकोत.

दुसरी, मोठ्या कार्यक्रमांच्या आयोजकाला परतीची खिडकी सक्तीची असावी. तुम्ही तिकीट परत करता, जुना क्यूआर कोड रद्द होतो, तेच तिकीट यादीतल्या पुढच्या माणसाला मूळ किमतीत जातं आणि नवा कोड तयार होतो. हे बनवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. रेल्वेची वेटिंग लिस्ट इतकी वर्षं दुसरं काय करते आहे?

तिसरी, विक्री उघडताना किती तिकिटं खरोखर लोकांसाठी आहेत आणि किती प्रायोजक, पाहुणे, क्लब यांच्यासाठी राखून ठेवली आहेत, हे जाहीर करावं. काळ्या बाजारातली तिकिटं दरवेळी बॉटनेच काढलेली असतात असं नाही. कधी ती मागच्या दारानेही येतात.

चौथी, ओळख पुरेशी असावी, जास्त नको. गरब्याच्या पाससाठी आधार क्रमांक मागू नये. आपल्या घरातल्या मुलींचे फोटो, आधार आणि मोबाईल नंबर कुठल्याशा आयोजकाच्या लॅपटॉपवर पडून राहणं हा काळ्या बाजारापेक्षा मोठा धोका आहे. तिकिटावर नाव आणि दारावर कुठलंही फोटो ओळखपत्र एवढं पुरेसं आहे.

आपल्या घरातला प्रश्न

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या बोरिवलीत फाल्गुनी पाठक यांच्या गरब्याचे पास स्वस्तात देतो म्हणून काही तरुणांकडून माणशी ३,३०० रुपये घेतले गेले. एकूण १५६ जण, रक्कम ५ लाख १४ हजार ८०० रुपये. पास मिळालेच नाहीत. त्याच महिन्यात अहमदाबादच्या भारत-पाकिस्तान विश्वचषक सामन्याची बनावट तिकिटं छापणारी टोळी पोलिसांनी पकडली. जिथे तिकीट हातोहात फिरण्याची सवय लागते तिथे खऱ्याच्या सावलीत खोटं सहज खपतं. किंमत कमी असो की जास्त, अनोळखी माणसाकडून घेतलेलं तिकीट खरं आहे की नाही हे दारावर गेल्यावरच कळतं. क्यूआर कोडचा एकच स्क्रीनशॉट पाच जणांना विकता येतो. जो आधी पोहोचतो तो आत जातो, बाकीचे चारजण नटूनथटून बाहेर उभे.

याची दुसरी बाजूही आपल्याच घरात आहे. कॉलेजात शिकणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या मुलांना हा 'साइड इन्कम' वाटतो. तीन मित्रांनी मिळून वीस पास काढायचे आणि अष्टमी-नवमीला दुप्पट भावाने विकायचे. यात कुणाचं काय बिघडलं, असं त्यांना वाटतं. त्यांनी कलम ११२ मधले 'गट किंवा टोळी' आणि 'किमान एक वर्ष' हे शब्द एकदा वाचावेत. व्याख्या सैल आहे हे आपण वर पाहिलं. ती सैल आहे म्हणूनच कुणाला लागू करायची हे आधी पोलीस ठरवणार, न्यायालय नंतर. पासपोर्टसाठी किंवा नोकरीसाठी पोलीस पडताळणी होते तेव्हा गुन्ह्याची नोंद किती किरकोळ होती हे कुणी ऐकून घेत नाही. गावाकडची शेती किंवा इथल्या लूमवरची पाळी सांभाळून आपल्याला शिकवणाऱ्या आईवडिलांना पोलीस ठाण्याची पायरी दाखवण्याइतका नफा चार पासमध्ये नाही.

फसवणूक झालीच तर लाजू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आयोजकाने किंवा बुकिंग कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याचा मोबाईल नंबर जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका.

मंडळ काय करू शकतं?

कायदा व्हायला वेळ लागेल. पण आपल्या मंडळाचं नाटक, आपला कोजागिरीचा कार्यक्रम, आपला स्नेहमेळावा यांची तिकिटं आपल्याच हातात आहेत. तिथे नियम आजपासून लावता येतील. एका कुटुंबाला ठरावीक संख्येनेच तिकिटं द्यायची, तिकिटावर नाव लिहायचं आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीपर्यंत परत आणलेलं तिकीट पूर्ण पैसे देऊन घ्यायचं. उरलेल्या तिकिटांची यादी आपल्याच ग्रुपवर टाकायची. वेटिंग लिस्टसाठी लागणारी साधी शीट मी विनामूल्य बनवून देईन. त्यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि एक अर्ज. आपल्या भागातले आमदार विधानसभेत बसतात आणि करमणुकीवरचा कायदा हा विधानसभेचाच विषय आहे. मूळ किमतीची मर्यादा, परतीची सक्तीची खिडकी, राखीव तिकिटांचा जाहीर आकडा आणि साइटवर जबाबदारी, एवढ्या चार मागण्या एका पानावर मावतात. मुंबई उच्च न्यायालयाने जे काम विधिमंडळाचं म्हटलं, ते विधिमंडळापर्यंत कुणीतरी नेलं पाहिजे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत या अर्जाचा मसुदा मी वाचून दाखवणार आहे. गुजरातीतला मसुदा तपासून देईल असं कुणी असेल तर त्यांनी जरूर यावं, कारण माझं गुजराती बोलण्यापुरतं चांगलं आहे, अर्ज लिहिण्यापुरतं नाही.